ओल्या सदऱ्याचा नावाडी

दिवाळी अंकांसाठी मी बरीच वर्षं एकाच बेटाच्या कादंबऱ्या लिहिल्या. हलक्याफुलक्या, चिवड्याची वाटी शेजारी ठेवून वाचायच्या. लहानसं बेट, त्यावर एक खानावळ, एक घाट, सुटीला आलेली शहरातली माणसं, त्यांचे गैरसमज आणि शेवटी समेट. या सगळ्यांना आणणारा-नेणारा, जाता जाता चिमटे काढणारा एक नावाडी. वाचक विचारायचे, हे बेट कुठं आहे, राहायची सोय होते का? मी सांगायचो, सगळं काल्पनिक आहे हो.

ते खोटं होतं. बेट होतं, नावाडीही होता. मी त्याचं खरं नाव तसंच छापत होतो. आणि तो मेलेला आहे हे मला पहिल्या कादंबरीपासून माहीत होतं.

माझी पहिली नेमणूक भामरागडच्या पुढच्या एका गावी झाली, प्राथमिक शाळेवर. मी नागभीडकडचा. धानाच्या बांध्या आणि रेल्वेची शिट्टी ऐकत वाढलेला. त्या गावाला एरवी पायवाट होती. पावसाळ्यात एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला नाला भरला, की गावाचं बेट व्हायचं. मग बाहेर जायला एकच साधन, अख्खं झाड कोरून केलेला डोंगा. तो चालवणारा माणूस माझ्याच वयाचा, माडिया घरातला. बायको आणि रांगती मुलगी. निघण्याआधी तो वल्हं डोंग्याच्या काठावर दोनदा आपटायचा. टक, टक.

"हे काऊन करतोस?" मी एकदा विचारलं.

"नदीले सांगतो, मी आलो म्हणून. तुम्ही नाई का वर्गात जायच्या आधी खाकरत?"

पावसाळ्यात शाळेत पोरं कमी. मी लिहायला लागलो. जे दिसत होतं तेच लिहिलं, फक्त पाऊस काढून टाकला आणि स्वच्छ ऊन पाडलं. पुण्याच्या एका संपादकांना मसुदा आवडला. त्यांनी कळवलं की बेट म्हटल्यावर नारळ हवेत. मग मी मोहाची झाडं काढून नारळ लावले. पूर्ण कादंबरी गणपतीच्या आत पोचली तरच अंकात जाणार होती.

ती पूर्ण झाली त्या सकाळी नदी लाल होऊन वाहत होती. डाकघर पलीकडे, तिथून पुढे बरंच चालायचं. मी पाकीट घेऊन घाटावर गेलो. दुसरं कुणी नव्हतं.

"गुरुजी, पाणी चढून राह्यलं," तो म्हणाला. "उद्या जातो."

"उद्या गेलं त उपेग नाई."

"एवढं काय आहे त्यात?"

"गोष्ट आहे."

"कोणाची?"

"तुझीच. बेटावरच्या नावाड्याची."

तो हसला, पण जागचा हलला नाही. तेव्हा मी जे बोललो ते यंदापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "तुले भेव वाटत असन त राहू दे. मी दुसऱ्या कोणाले पाहतो."

दुसरं कुणी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने पाकीट घेतलं, चाचपलं. "द्या. माह्यीच गोष्ट आहे त मीच नेतो." वल्हं दोनदा आपटलं. मी पाठ फिरवली, कारण वर्ग उघडायचा होता.

तो परत आला नाही. डोंगाही मिळाला नाही. पूर ओसरल्यावर लोकांनी काठ धुंडाळले. मीही त्यांच्याबरोबर झुडपांत काठी घालत हिंडलो. असल्या पुरात तो कशाला निघाला, हे कुणाला उमगेना. कुणीतरी म्हणालं, तेलंगणात मिरची तोडायला गेला असेल. मग कुणी म्हणालं, तिकडे दुसरं घर केलं असेल. ते मी ऐकून घेतलं. एका वाक्यात ते खोडता आलं असतं. पण त्याच आठवड्यात निरोप आला की कादंबरी पोचली, अंकात जाते आहे. संपादकांना मौज वाटली होती, बाहेर एवढा पाऊस आणि पाकीट युरियाच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने बांधून, अगदी कोरडं आलं. मी ते तसं दिलं नव्हतं. तेव्हा मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी माझी बदली नागभीडकडे झाली. संपादक म्हणाले, वाचकांना नावाडी फार आवडला, त्याला पुन्हा आणा. मी आणला. का आणला ते स्वतःला असं सांगितलं की निदान कागदावर तरी माणूस जिवंत राहील. पापाचं ओझं असं सोयीस्कर खांद्यावर घेता येतं.

पण कागदावर तो माझं ऐकेनासा झाला. मी त्याला विनोद द्यायचो. तो बोलायचा, पण वाचकाकडे पाठ करून. एकदा संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं, "दुपारचं ऊन आहे, तरी याचा सदरा ओला कसा?" मी मागे जाऊन तपासलं. खरंच, पान उलटावं तिथं त्याच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. मला लिहिल्याचं आठवत नव्हतं. मी ते खोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच, शिवाय तो लंगडत होता. डाव्या टाचेला पान बांधलेलं. यावेळी संपादकांनी ठेवून दिलं, म्हणाले की त्याने पात्राला खोली येते.

आणि तो आवाज. एका दुपारी मी लिहीत बसलो होतो, बायको आत तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली.

"कोण वाजवून राह्यलं हो?"

"काय?"

"दार. दोनदा वाजलं."

तिने दार उघडलं. बाहेर ऊन होतं, अंगणात कुणी नव्हतं. ती म्हणाली, शेजारची पोरं असतील. त्यानंतर दर वर्षी, कादंबरीत डोंगा सुटायच्या जागी आलो की मी आधीच उठून दार उघडून ठेवायचो. बायकोला सांगायचो, उकडतं आहे.

यंदा श्रावणात अर्धी कादंबरी लिहून झाली होती, तेव्हा फोन आला. बाईचा आवाज, मोकळा, सरळ. तिने बापाचं नाव सांगितलं. ती रांगती मुलगी आता तिकडेच आरोग्याचं काम करते, घरोघर फिरते.

"गुरुजी, नव्या भाताच्या सणाले या. आई बोलावते."

"काऊन? काही झालं का?"

"तुमची पुस्तकं वाचून दाखवतो मी तिले. दरवर्षी. आता तिले तुमच्याशी बोलाचं आहे."

मला वाटत होतं, ते अंक पुण्या-मुंबईत वाचले जातात.

मी गेलो. आता बराच रस्ता गाडीने होतो, पण शेवटचा नाला यावेळीही पायीच ओलांडावा लागला. त्यांचं घर त्याच जागी होतं. त्याची बायको ओळखू येण्याइतकीच बदलली होती. आणि घराच्या बाजूला, गवतात, एक उंच दगड आडवा पडलेला. वेलींनी धरलेला.

तिथे मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. तो उभा झाला की माणूस घरच्या वाडवडिलांत बसतो. या माणसाचा दगड त्याच्या भावांनी डोंगरातून केव्हाच आणून ठेवला होता. माझ्या बदलीनंतर, दगड उभा करायच्या सुमारास, पहिला अंक गावात पोचला. मुलगी लहान म्हणून तेव्हाच्या नव्या मास्तरने तो वाचून दाखवला. नाव तेच, वल्हं आपटायची सवय तीच, चिमटे तेच. गावचा पेरमा, म्हणजे पूजा करणारा म्हातारा, म्हणाला की गुरुजी शिकलेला माणूस, त्याने छापून पाठवलं म्हणजे पाहिलं असेल. जित्या माणसाचा दगड कसा उभा करायचा? पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी पुन्हा अंक आला.

जेवणाआधी बाईने नव्या भाताचे द्रोण लावले. घरातल्यांचे चुलीपाशी. मेलेल्यांचे मागच्या कोपऱ्यात, अंधारात. एक द्रोण हातात उरला. तो तिने उंबऱ्यावर ठेवला.

"हा कोणाचा?" मला माहीत असून मी विचारलं.

"तुमाले माहीत," ती म्हणाली. "आत ठेवू का मागं ठेवू, कोणी सांगत नाई. मंग इथी ठेवतो. दरवर्षी."

"आणि मग?"

"मंग काय. सकाळी उंबरा ओला रायते."

मुलगी हसून म्हणाली, "दव पडते, आई." बाई हसली नाही. मग माझ्याकडे वळली.

"टाचेले पान बांधलं, ते तुमाले कोणं सांगतलं?"

"कुणी नाही."

"त्या सकाळी काटा मोडला होता त्याले. डावीच टाच. मीच बांधलं, घरात बसून. बाहेर कोणी पाहलं नाई. म्हून मी म्हणतो, तुमाले भेटते तो. खरं सांगजा गुरुजी. जिता आहे त कुठी आहे? दुसरी बाई केली असन तरी चालन. मेला असन तं मेला म्हणा. मले उंबऱ्यावर बसून कंटाळा आला."

घाटावर मी त्याची टाच पाहिली होती का? कितीदा आठवून पाहिलं. मला फक्त त्याचे हात आठवतात, पाकीट चाचपणारे.

मी सांगितलं. पेरमा दाराशी बसला होता, भाऊबंद होते, त्यांच्यासमोर सांगितलं. पाकीट, पाणी चढलेलं, "भेव वाटत असन त राहू दे." बोलताना माझी नजर द्रोणावर होती. कुणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

बाईने विचारलं, "पोचलं होतं का मंग? तुमचं पाकीट?"

"पोचलं. कोरडं. युरियाच्या पिशवीत बांधलेलं."

"ते पिशवी माह्यी. भाजीचं बी होतं तिच्यात." ती थांबली. "म्हणजे पल्याड गेला होता तो. डाकेत टाकलं त्यानं."

"हो."

"मंग बुडला तो येतानी."

"हो, बाई."

"इकडे येऊन राह्यला होता." ती मुलीकडे वळली. "आयकलं का? गेला नव्हता तो. घरी येऊन राह्यला होता."

मुलीने तोंड फिरवलं. एवढी वर्षं त्या घराने गावाचे टोमणे झेलले होते, मिरचीचे, दुसऱ्या घराचे. माझ्याकडे त्यांचं उत्तर पहिल्या आठवड्यापासून पडून होतं.

मला वाटलं, आता दगड उभा करतील. पेरमा मान हलवत राहिला.

"असं नाई होत गुरुजी. तुमी तोंडानं सांगतलं, आमी आयकलं. पण त्याले धरून ठेवलं कागदानं. कागदानंच सोडलं पायजे."

"म्हणजे काय करू?"

"आमच्याइथी मेलेल्याचं नाव घेत नाई, दगड उभा होईपर्यंत. घेतलं त तो अर्ध्या वाटेवरून वळून पाहते. तुमी त दरवर्षी हाक मारून राह्यले."

निघताना बाईने माझ्यासाठीही द्रोण बांधून दिला. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "घ्या. तुमी जिते आहात." ते तिने कशा अर्थाने म्हटलं, मी विचारलं नाही. नाल्यापाशी पोचलो तेव्हा मागे, पाण्याच्या अंगाला, लाकडावर लाकूड आपटल्यासारखं झालं. एकदा. दुसऱ्याची वाट बघत मी उभा राहिलो. ते झालं नाही.

घरी येऊन अर्धी कादंबरी बाजूला ठेवली आणि तिच्याऐवजी हे लिहायला घेतलं. संपादक रागावले आहेत. पानं राखून ठेवली होती, जाहिरातही केली होती, आता ऐनवेळी हे काय? त्यांना म्हटलं, बेटाचंच आहे, छापा. हे लिहिताना मी दार उघडं ठेवलं नाही. कुणी वाजवलं नाही.

अंक पोचला की ती मुलगी हे अंगणात बसून मोठ्याने वाचेल. पेरमा ऐकेल, भाऊबंद ऐकतील, त्याची बायको ऐकेल. पान उलटेल तसे ते सगळे एका नावाची वाट बघतील, कारण दरवर्षी ते येतं. यंदा ते कुठेच नाही. मुलगी शेवटच्या ओळीपर्यंत येईल, आणि मग दगड उचलायला माणसं उठतील.