लीपाची जीभ

माझी बस जिथे शेवटच्या थांब्याला लागते, तिथेच लीपाचा तवा आहे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं माझं संध्याकाळचं जेवण तिच्या बाकावरच होतं. मक्याच्या पिठाच्या गोळ्यात वाटलेला घेवडा, चीज नाहीतर मांस भरून ती पुपुसा थापते आणि तव्यावर टाकते. सोबत कोबीचं आंबट लोणचं. असं लोणचं साऱ्या एल साल्वादोरमध्ये कुणाला जमत नाही, हे मी सांगत नाही, लीपाच सांगते. आणि तिचं सगळं कसब तिच्या जिभेत. चिमूटभर मीठ इकडचं तिकडे झालं की तिला कळायचंच.

त्या लीपाला क्रिएटिनिन झालं. आमच्या उसाच्या गावांत या रोगाला दुसरं नाव नाही. 'त्याला क्रिएटिनिन झालंय' म्हटलं की लहान पोराला सुद्धा कळतं, मूत्रपिंडं गेली. उन्हात ऊस तोडणारे किती तरी बाप्ये त्यात गेले. लीपानेही तरुणपणी ऊस तोडला होता.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण जिभेने तिखट. तिने मीठ, चीज, टोमॅटो, केळी बंद केली. घेवडा नावापुरता. कंद खायचाच तर चिरून, भिजत घालून, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. लीपाने हे सगळं इमानेइतबारे पाळलं. घरी भात, अंड्यातला पांढरा भाग, उकडलेलं विस्किल, म्हणजे आमच्याकडची दुधीसारखी पाणचट फळभाजी, वर लिंबू आणि लसूण. शेजारणी शहाळी घेऊन यायच्या, "पी गं, मूत्रपिंडं धुऊन निघतात!" शहाळ्याचं पाणी तर तिला सगळ्यात वाईट, असं डॉक्टरीणबाईने बजावलं होतं. कुणाचं मन कसं मोडायचं, म्हणून लीपा ती घ्यायची आणि गुपचूप मला द्यायची. त्या दिवसांत माझंच वजन वाढलं.

एवढं करूनही रक्तदाब हटेना, पायांची सूज उतरेना. डॉक्टरीणबाईने स्पष्टच सांगितलं, "मावशी, असंच चाललं तर नाताळपर्यंत मशीन." मशीन म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून तीनदा राजधानी. म्हणजे तवा थंड.

परत आल्या आल्या लीपाने तवा पेटवला.

त्या संध्याकाळी मी बाकावर बसून तिच्याकडे नीट बघितलं. लोणच्यात चमचा, चमचा तोंडात. घेवड्यात बोट, बोट तोंडात. चिजाचा कण, मांसाचा कण, पुन्हा लोणचं.

"लीपा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? चाखतेय."

"तुला मीठ बंद आहे ना?"

"चेपे, तू बस चालव. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. तीस वर्षं चाखतेय, कधी पोट भरलं नाही माझं."

माझंही डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि रिकामा वाडगा घेऊन तिच्या शेजारी ठाण मांडलं. ती जेवढं तोंडात टाकेल, तेवढंच मी वाडग्यात टाकायचो. आधी ती हसली. मग चिडली, "माझं लोणचं नासवतोस मेल्या!" दिवे लागले तेव्हा वाडगा काठोकाठ भरला होता. मी तो तिच्यासमोर ठेवला.

"एवढं मी खाल्लं?"

"खाल्लं नाहीस, चाखलंस."

तिने एप्रनला हात पुसले आणि चाखायचा चमचा माझ्या हातात दिला.

पण आता चाखणार कोण? मी चाखून पाहिलं. मला सगळंच छान लागतं, त्यामुळे माझा उपयोग शून्य. न चाखता केलेलं पहिलं लोणचं समुद्राच्या पाण्यासारखं निघालं, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून समोर गेली. समोर म्हणजे तोयाकडे. बारा वर्षांपूर्वी तोयाने लीपाच्या नाकासमोर आपला तवा मांडला, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आणि गावात लीपाच्या तोडीची जीभ असलीच, तर ती तोयाचीच.

"तिच्यापुढे चमचा धरू? त्यापेक्षा मशीनच्या सुया परवडल्या," लीपा म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी लोणच्याची वाटी घेऊन, नाक वर करून, रस्ता ओलांडून गेली.

तोयाने चाखलं. "एक चिमूट मीठ. लिंबू पुरे."

लीपाला संशय, ही बया माझा धंदा बुडवणार. तिने अर्धीच चिमूट टाकली. तासाभरात तोया स्वतः रस्ता ओलांडून आली, लोणच्यात चमचा घातला आणि गरजली, "चिमूट म्हणाले होते मी! अर्धी कुणाला विचारून टाकलीस?"

त्यानंतर तोया रोज दोनदा यायची. चाखायची, खेकसायची, जायची.

नाताळच्या आधी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. सूज उतरली होती, रक्तदाब उतरला होता, क्रिएटिनिनचा आकडा होता तिथेच थांबला होता. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मशीनचं आत्ता नाव नको. असंच सांभाळा." लीपाने तिचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. मी बाहेर जाऊन बसमध्ये बसलो आणि खरं सांगतो, पोटभर रडलो.

थांब्यावर तोया उभी होती. तवा सोडून. तिच्या तव्यावरून धूर निघत होता.

"बोल ना गं!"

"मशीन नाही," लीपा म्हणाली.

तोया फुटपाथवर बसलीच. "माझ्या नवऱ्यालाही, रोमुलोलाही, क्रिएटिनिनच झालं होतं. त्याला हे कुणी सांगितलं नाही गं. माझ्या हातचं खारट चीज खात खात गेला तो. मीच वाढत होते." इतकं बोलून तिने नाक शिंकरलं, उठली, आणि फडक्यात गुंडाळलेली एक पुपुसा लीपाच्या हातात कोंबली. "विस्किल दोनदा उकडून भरलंय. मीठ नाही. चाखलेली नाहीये मी. तू खा आणि सांग."

लीपा तिथेच उभ्याउभ्या खाऊ लागली. चाखली नाही, खाल्ली, अख्खी. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"पीठ," लीपा शेवटी म्हणाली, "माझ्यापेक्षा मऊ मळतेस तू."