पागात अडकलेला ड्रोन

त्या वर्षी किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली होती. मग खाडीकाठच्या गावांत बोलवा उठली, की माल आता ड्रोनमधून येतो. पोलिसांनी गावोगाव सांगून ठेवलं होतं, काही उडताना दिसलं की कळवा. आमचं गाव खाडीपासून लांब, खांब नाक्याच्या आत, भाताचं आणि वालाचं. आमच्यापर्यंत यातलं काही आलं नव्हतं.

मी बचत गटातून ड्रोनने फवारणी करायला शिकले होते. रोह्याकडे बरीच कामं केली, म्हणून वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या एका शेतकऱ्याने बोलावलं. नवऱ्याने टेम्पोतून ड्रोन उतरवून दिला आणि तो जनरेटरचं पेट्रोल आणायला गेला. पहिली फेरी झाली. टाकी भरायला ड्रोन खाली घेत होते, तेवढ्यात बांधावरून पाचसहा माणसं धावत आली. एकाने मासे धरायचा पाग फिरवून फेकला. ड्रोन जाळ्यासकट चिखलात.

“काय हाय यात?”

“औषध हाय,” मी म्हणाले.

फवारणीच्या पाण्याला आम्ही औषधच म्हणतो. तेही म्हणत असतील. पण त्या सकाळी तो शब्द बांधावरून पुढे गेला तो नशेचं औषध होऊन. “औषध हाय म्हणते! कबूल केलंन!” ज्याने बोलावलं होतं तो शेतकरी गर्दीत मागे सरकला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो खाडीकडे पाहत होता.

हवालदार आले, सोबत एक महिला पोलीस. हवालदार म्हणाले, “बाईंची पिशवी बघा.” डबा निघाला, बाटली निघाली. तळाशी कागदात बांधलेली काळी पिशवी होती.

“हे काय?”

ती बाईच होती. कानात सांगितलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. पण समोर पुरुष, त्यांचे फोन वर धरलेले. “बोला ना,” ती म्हणाली, आणि मी गप्प म्हणून तिचा संशय वाढला. तिने कागद फाडला. पाळीचे पॅड. त्यातला एक बांधावर पडला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिठागरावरची एक म्हातारी पुढे आली, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने पॅड उचलून माझ्या पिशवीत घातला. “फोन खाली करा रं,” म्हणाली. “चल गो, बस तिकडं.”

नवरा पेट्रोल घेऊन परतला आणि त्याने टेम्पोतला परवाना दाखवला. टाकीचा वास घेतला गेला. आता शेतकरी म्हणाला, “मीच बोलावली होती.” हवालदार मला म्हणाले, “आधीच नीट सांगायचं ना, बाई.” पाग टाकणारा ड्रोनपाशी उकिडवा बसला होता. पंख मोडू नयेत म्हणून कोयत्याने स्वतःचंच जाळं कापत होता. त्याने मान वर केली नाही.

नागोठण्याला पोचलो तेव्हा नवरा म्हणाला, “सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? सगळ्यांदेखत?”

त्याने टेम्पोचा वेग वाढवला.

आमच्या आधी व्हिडिओ घरी पोचला होता. ड्रोन पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला होता. त्या रात्री मी वाढायला उभी राहिले तर ते पानावर आले नाहीत. सासूबाईंनी त्यांचं ताट ओटीवर नेलं. परत येऊन म्हणाल्या, “तुझं काय चुकलं नाय गो.” पण आवाज इतका बारीक ठेवला, की माझी मान आणखी खाली गेली.

काही दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला, अर्धं शेत राहिलंय, कीड चढतेय. मी गटातल्या दुसऱ्या बाईला पाठवलं. ती आधी पोलीस चौकीत सांगून मग शेतावर गेली. परतल्यावर म्हणाली, “चांगली माणसं हायत. चहा पाजला. तुला विचारत व्हती.”

“डोकं दुखतंय,” म्हटलं, आणि मी परसात निघून गेले.