गुरुवारचा कागद

बातमी मला कुणी सांगितली नाही; मीच ती घेऊन घरी आलो. कणकवलीच्या हॉस्पिटलातून शुभांगीला घेऊन निघालेली गाडी आमच्या घराखाली थांबली, तेव्हा आई चुलीपाशी बसून होती. शेजारच्या बायकांनी तिच्यापासून सगळं लपवलं होतं, पण नव्वदीच्या बाईपासून काय लपतंय! मी आत गेलो. तिने चुलीवरून नजर न हलवता विचारलं, "हाडलंस तिका?" म्हटलं, "हाडलंय, आये." चुलीतलं लाकूड मागे ओढत ती म्हणाली, "आज गुरवार..." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीला भ्रम झाला असं त्यांना वाटलं. पण आमच्या घरात गुरुवार म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, आणि आता भातकापणी उरकून आंब्याला मोहोर धरायला लागला तरी त्या गुरुवारांतून मी बाहेर आलेलो नाही.

शुभांगी माझी बायको, आणि साऱ्या गावाची शाळेतली बाई. आचऱ्याजवळच्या आमच्या शाळेत पाचवी ते सातवीला तिने जन्मभर इंग्रजी शिकवलं. सावंतवाडीची, कारकुनाची मुलगी, बी.एड. झालेली. आणि मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेला, काजू-आंब्याच्या बागेत रमणारा माणूस. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिठ्यावर चेष्टा चालायची, "बाबल्या इंग्रजीत पास होयना, म्हणान सरळ इंग्रजीच घरात हाडल्यान!" मला राग यायचा नाही, कारण मुलगी मला आवडली होती. आईला मात्र आवडली नव्हती. तिला लावणीला वाकणारी, गोठ्यात उतरणारी सून हवी होती. ती मला म्हणाली, "माका कामाक हात व्हये होते, तू पर्स हाडलंस." पुढे कित्येक वर्षं ती शुभांगीला नावाने हाक मारत नसे. 'मास्तरीण' म्हणे, आणि त्या शब्दाला अशी काही धार लावी की ऐकणाऱ्याने पाय मागे घ्यावा.

गुरुवारची सुरुवात एका भांडणातून झाली. शुभांगीला गाईडाचा मनस्वी तिटकारा होता. मुलं गृहपाठाला गाईडातली उत्तरं जशीच्या तशी उतरवून आणत. एकाने चूक केली की साऱ्या वर्गाची तीच चूक. म्हणून ती आठवड्याला एक पान स्वतः लिहायची, साध्या इंग्रजीत, छोटीशी गोष्ट. शुक्रवारी ते मुलांना द्यायचं, शनिवार-रविवारी त्यांनी घरी वाचायचं. तर एका गुरुवारी संध्याकाळी वीज गेलेली, आणि ही कंदिलाशी बसून ते पान मोठ्याने वाचून बघत होती, मुलांची जीभ कुठे अडेल ते पाहायला. आई समोर कुळीथ निवडत होती. अचानक तिने सूप आपटलं आणि मला हाक मारली, "बाबल्या, ह्यां माका इंग्रजीत गाळी घालता!" मी बागेतून धावत आलो. शुभांगी आधी थक्क झाली, मग हसली... आणि ते हसणं बघून आई जास्तच भडकली. शेवटी शुभांगी तिच्यापाशी सरकून बसली आणि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगू लागली. तिला तेव्हा मालवणी धड येत नव्हती, त्यामुळे मधे मधे मला दुभाष्या व्हावं लागलं. गोष्ट अशी होती की एक माणूस गावाला कंटाळून पहाटे जहाजावर चढतो आणि दूर देशी जातो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घराकडे सांगान गेलो काय तो?"

शुभांगीने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. पानात ते नव्हतं. तिच्या ते मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पानाखाली आईचा प्रश्न इंग्रजीत लिहिला आणि मुलांना सांगितलं, "हे आमच्या आयेने विचारलंय. तुम्ही उत्तर लिहा. आणि घरी ज्यांना इंग्रजी येत नाही अशा कुणाला तरी हे पान वाचून दाखवा, अर्थ सांगा, आणि ते काय विचारतील तेही लिहून आणा." सोमवारी सगळ्यांचं वेगवेगळं आलं. ती शाळेतून परतली ती अक्षरशः नाचत. मला म्हणाली, "अहो, गाईडात आयेचे प्रश्न नाहीत!"

तेव्हापासून रीत पडली. गुरुवारी पान आईसमोर वाचायचं. आईने प्रश्न विचारला तरच ते शुक्रवारी शाळेत जायचं. आई नुसती 'हां' म्हणाली की पान नापास. शुभांगी चरफडत नवीन लिहायला बसायची. मी एकदा म्हटलं, "एवढी शिकलीस आणि पेपर तपासायला आमची निरक्षर म्हातारी?" तर म्हणाली, "तिला ज्यात विचारावंसं काही वाटत नाही, ते पोरांनी तरी का वाचावं?" आणि गाव तरी काय एकेक विचारायचं! राजाची गोष्ट असो की परीची, आमच्या बायका हटकून विचारायच्या, "मगे तो जेवलो खंय?" पुरुषांना आधी जमीन कुणाची ते हवं असे. शनिवारी संध्याकाळी वाडीतून चालत गेलं की दर दोन घरांआड एखादं पोर अडखळत इंग्रजी वाचताना ऐकू यायचं आणि त्याच्यासमोर कुणी आजोबा कान देऊन बसलेले असायचे. मी मॅट्रिक नापास माणूस, पण मला त्या रस्त्याने उगाच जावंसं वाटायचं.

सगळ्यांना हे रुचलं असं मात्र नाही. पालकसभेत एकदा आवाज चढले. इंग्रजी माध्यमाच्या गाड्या वाडीपर्यंत येऊ लागल्या होत्या, पोरं जात होती, आणि राहिलेल्यांचे बाप विचारत होते, "बाई, ह्या म्हाताऱ्यांच्या परश्नांका मार्क किती?" मुख्याध्यापकांनीही सुचवून पाहिलं की आता हे पुरे. ती घरी आली, पाणीही न पिता बसली. आई आतून म्हणाली, "कित्या गो, तोंड कित्या पडलां?" शुभांगीने सांगितलं. आईने जरा विचार केला आणि म्हणाली, "पुस्तकातलां सगळां आधी शिकव. मगे तुझां कोण बंद करता बघतंय." तसंच केलं. पाठ्यपुस्तक वेळेआधी संपवायचं, आणि शुक्रवार आपला.

एवढं सगळं असून आईने तिला कधी बरं म्हटलं नाही. लग्नकार्यात भेटलेल्या बायकांना मात्र ती छाती फुगवून सांगायची, "माझो परशन इंग्रजीत लिवतत शाळेत, म्हायत आसा?" आपला प्रश्न, हं! पान कुणाचं, ते नाही सांगायची. शुभांगी ऐकून हसायची. पण मी तिचा नवरा, मला दिसायचं. मुलांच्या शाबासकीची तिला कमी नव्हती. ती वाट बघत होती ती या एका माणसाची. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. म्हणाली, "राहू द्या हो. दर आठवड्याला माझं ऐकतात ना..." आणि उठून आत गेली.

मग तिचं दुखणं निघालं. कणकवलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. अंगात त्राण नसलं तरी गुरुवार तिने चुकवला नाही. शेवटच्या वेळी ॲडमिट व्हायला निघालो, तेव्हा पान लिहून तयार होतं, वाचायला मात्र ताकद उरली नव्हती. ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "गुरुवारी आयेला वाचून दाखवा तुम्ही. शुक्रवारी शाळेत पोचवा." मी म्हटलं, "माझं इंग्रजी ऐकून आये घर सोडून जाईल." ती खूप हसली. तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच, नंतर नाही... तो गुरुवार उजाडला तेव्हा ती गेली होती.

दिवसवार आटोपले. पुण्याहून आलेली आमची मुलगी परत गेली. घरात मी आणि आई. आई जेवायची ती पाखरासारखी, बोलायची तर त्याहून कमी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी दर गुरुवारी ते पान घेऊन तिच्याजवळ बसायचो. "आये, वाचू?" उत्तर नाही. तरी वाचायचो, अडखळत, शब्द तोडत, आणि मग मालवणीत अर्थ सांगायचो. ती 'हां'सुद्धा म्हणायची नाही. इकडे शाळेत तासिकेवर नवीन बाई आल्या होत्या, भली पोरगी, पण बिचारीने गाईड धरलं होतं. मुलं मला रस्त्यात अडवून विचारायची, "आजयेन काय इचारल्यान?" मी 'नाय' म्हणून मान हलवायचो. माझी भीती शाळेची नव्हती. आईच्या मनात कसलाही प्रश्न उरला नाही म्हणजे ती आता फार दिवसांची नाही, हे मला कळत होतं. एक गेली होती. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती, आणि हातात काय, तर मला धड वाचता न येणारा एक कागद.

पान अगदी साधं होतं. एक बाई रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून कामाला जाते. संध्याकाळी परत येते. ओहोटी असली की होडी काठाला लागत नाही, मग चपला हातात घेऊन चिखलातून चालत येते. बस, एवढंच. मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी मी ते पुन्हा वाचलं, अर्थ सांगितला, आणि कागद ठेवून उठणार, तोच भिंतीकडून आवाज आला.

"ती येता तेव्हा काठार तेच्यासाठी कोण आसता?"

मी पुन्हा खाली बसलो. म्हटलं, "कागदात नाय ता, आये." आई वळली. किती दिवसांनी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. "नाय? मगे पोरांका ईचार. ती सांगतीत."

दुसऱ्या दिवशी मी पान शाळेत नेलं. नव्या बाईंना सगळं समजावलं, आईचा प्रश्न त्यांनीच इंग्रजीत लिहिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलांची उत्तरं घरी पाठवली, मराठीत अर्थ लिहून. मी आईजवळ बसून एकेक वाचली. एकाने लिहिलं होतं, तिचा कुत्रा असतो. एकाने, होडीवालाच तिला घरापर्यंत सोडतो. एकीने, कोणी नसतं पण तिला वाट पाठ आहे. आई ऐकत होती, मान हलवत होती, पसंत नव्हतं तिला. मग एका मुलीचं आलं, अगदी एकच ओळ: 'तिची सासू दारात दिवा घेऊन बसलेली असते.'

आईची मान हलायची थांबली. मीही पुढची वाचली नाहीत.

त्या दिवसापासून तिन्हीसांज झाली की ती भिंत धरत धरत येते आणि दिवा शेजारी ठेवून दारात बसते. थंडी पडली आहे, गार वारा सुटतो. मी रोज म्हणतो, "आये, भितर चल." आणि ती रस्त्यावरची नजर न काढता रोज तेच म्हणते, "पोरांनी लिवल्यानी ना? मगे बसाक नको?"