लुसाकातले रोडगे

झांबियात लुसाकाला पहिल्यांदा लाइट गेली, तेव्हा विजयाची लेक नीतू दारात खुर्ची टाकून बसली. शिडी घेऊन कोणीतरी येईल म्हणून! भिलाईच्या सेक्टर सहात, कंपनीच्या क्वार्टरात वाढलेली पोर. लाइट गेली की तक्रारीचा फोन करायचा आणि शिडीवाल्याची वाट पाहायची, एवढंच तिला ठाऊक. तिथं शिडीवाला आला नाही. धरणं आटली होती, वीज पाळीपाळीनं यायची आणि पाळी कधी लागेल ते देवालाच माहीत.

शेगडी विजेची, पाण्याचा पंप विजेचा. आणि ती भिलाईहून निघताना विजयानं तिच्या बॅगेत कोंबलं होतं काय? मिक्सर, राइस कुकर, रोटीमेकर. दुर्गच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या बाईनं बिना प्लगची वस्तू म्हणून एक दिली नव्हती.

“आई, मोनूचा बर्थडे कॅन्सल करून राहिली मी,” नीतू फोनवर म्हणाली. “संडेला राहुलच्या ऑफिसचे सगळे येतील अन् दिवसभर लाइट नाही. उनको क्या खिलाऊँ?”

नातवाचा पहिला वाढदिवस! त्यात जावयाच्या ऑफिसचे पाहुणे! विजयानं धडाधड उपाय सांगितले: आदल्या दिवशी शिजवून ठेव, बर्फ आण, हॉटेलातून मागव.

“आई, तू पंख्याखाली बसून सांगून राहिली न!”

फोन ठेवला तरी ते वाक्य टोचत राहिलं. विजया उठली आणि तिनं घराचा मेन स्विच खाली पाडला. गॅसही बंद केला.

स्टील प्लांटच्या रेल मिलमधली ड्यूटी करून तिचा नवरा हेमराज घामाघूम घरी आला. “पंखा कावून बंद आहे?”

“तुमच्या पोरीच्या घरी बंद आहे म्हणून.”

“मंग तिकडं चालू होते का आपल्या बंद करण्यानं?”

तेवढ्यात शेजारचे ओमप्रकाश डोकावले. “भाभीजी, लाइट सिर्फ आपका ही गया है क्या?”

“गया नहीं, भेजा है,” हेमराज म्हणाला आणि बायकोकडे वळला. “अवं, भूक लागली. आता का रोडगे खाऊ घालतं मले?”

विजया त्याच्याकडे पाहतच राहिली. रोडगे! गावाकडे, भंडारा जिल्ह्यात, देवाची पंगत असली की गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, फोडून तुपात बुडवतात. प्लग लागत नाही की बटण. आणि नीतूच्या शेजारणी तर दारापुढं कोळशाच्या शेगडीवरच सगळा स्वयंपाक करतात, असं तीच सांगायची.

मागच्या अंगणात कोळसे पेटले. पहिला घाणा काळाठिक्कर झाला. हेमराजनं एक फोडून पाहिला. “वरून फर्नेस, आतून कच्ची कणीक.” मग विजयानं दम धरला. कोळशावर राख चढू दिली, गोळे राखेत दाबले, उलटवत राहिली. घमघमाट सुटला तसे ओमप्रकाश वाटी घेऊनच आले.

विजयानं लगेच फोन लावला. “नीतू, तिथलं पीठ मैद्यासारखं मऊ आहे न? रवा मिसळ त्यात. निखारा लाल असला तं टाकू नको, राख चढू दे. वरण-वांगे शेजारणीच्या कोळशाच्या शेगडीवरच कर. अन् पाणी आलं की बकिटा, गंज, टब, सारं भरून ठेव.”

“जमेल का मले?”

“तुह्या मायले जमलं!”

रविवारी विजयानं सकाळीच मेन पाडला. पोरीकडे अंधार असताना आपण पंखा कसा लावावा? दुपार कलली तरी फोन लागेना. टॉवर बंद असेल. की रोडगे जळले? की पाहुणे उपाशी गेले? की पोराला चटका बसला? ती मागच्या दारातून पुढच्या दारात येत-जात राहिली.

संध्याकाळी व्हिडिओ आला. अंगणभर माणसं, कोणी पालथ्या बादल्यांवर बसलेलं, कोणी उभ्यानंच रोडगे फोडून तुपात बुडवतंय. दोन धिप्पाड शेजारणी पुठ्ठ्यानं शेगडीला वारा घालत गात होत्या. मोनूच्या ओठांवर राखेची मिशी आणि मुठीत रोडगा.

मागोमाग फोनही आला. “आई, सगळे पुढच्या संडेचं विचारून राहिले! अन् मधेच लाइट आली होती म्हणे. कोणाच्या लक्षातच नाही आलं!”

विजयाचे डोळे भरून आले आणि ती खदखदून हसलीही. बाजूला हेमराज वर्तमानपत्रानं वारा घेत बसला होता.

“झाला न वाढदिवस?” तो म्हणाला. “आता तं मेन उचल, माय!”