काळ्या ठिपक्याच्या कॅसेटी

आमच्या गावच्या, ईटच्या स्टँडवर एसटी आली तेव्हा अक्का माझ्या आधी चढली. तिनं खिडकीची जागा धरली आणि खाली उभ्या असलेल्या आईकडं न बघता नाकासमोर बघत बसली. बघितलं असतं तर उतरले असते, असं ती नंतर म्हणाली. मी टपावर ट्रंक चढवून आत आलो. आईनं खिडकीतून अक्काच्या हातात एक पुरचुंडी दिली. तिच्यात बिब्बे होते. "परक्या गावात नजर लई वाईट असती," एवढंच ती म्हणाली आणि गाडी हलली.

ही गोष्ट मी आजवर अशी सांगितली नाही. हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळींत, गावाकडं लग्नकार्यात, मी नेहमी "एकटा ट्रंक घेऊन निघालो" असंच म्हणत आलो. मी एकटा नव्हतो. माझी मोठी बहीण प्रयागअक्का माझ्याबरोबर होती आणि वर्षभर ती त्या शहरात राहिली. ती परत का आली याबद्दल गावाला जे ठाऊक आहे, ते मी पसरवलेलं आहे आणि ते खरं नाही. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी, दोघांनीही हे वाचावं म्हणून लिहितोय.

नव्वदीची सुरुवात होती. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलो होतो आणि हैदराबादेत एका कारखान्यात मला काम मिळालं होतं. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक गच्ची. तिथं टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी बनायच्या. कॅसेट हा आपला शब्द. आत फीत वगैरे काही नसायचं, प्लास्टिकच्या डबीत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिप. गेम बाहेरदेशातले, आम्ही त्यांची नक्कल करायचो. तेव्हा कुणी विचारत नव्हतं आणि आम्हीही नाही. पट्टीवर चिप झाळायचं, म्हणजे सोल्डर करायचं, काम माझ्याकडं होतं.

अक्का आली होती माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी; बायको थोड्या दिवसांनी मागून आली. तिचे यजमान लवकर गेले होते आणि ती ईटला थोरल्या भावाच्या घरात राहायची. दिलं ते काम करायची, मिळेल त्या कोपऱ्यात निजायची. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं तेव्हा ती मला म्हणाली, "दिगू, तुझ्या शेटला इचार, डब्या बांधायला बाई लागती का." शेटजींना लागत होतीच. अक्का लेबल चिकटवायला आणि डब्या बंद करायला बसू लागली.

त्या वर्षात मी एक वेगळीच बाई बघितली. ती दख्खनी शिकली. "क्या तो भी बोलरा" म्हणून कारखान्यातल्या पोरींना हसवायची. इराण्याच्या हॉटेलात एकटी बसून चहा प्यायची. तिनं स्वतः निवडून हिरवं लुगडं घेतलं. गावी तिला कुणी रंग विचारला नव्हता. एकदा मला म्हणाली, "हितं मला कुनी बिचारी म्हनत न्हाय रं. लई बरं वाटतंय." हे वाक्य मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

बिब्ब्याचं असं झालं. आमच्याकडं नवी वस्तू घराबाहेर पडताना तिला दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याचा ठिपका देतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते कशानं निघत नाही, परीट त्यानंच कपड्यांवर खुणा करतात. अक्का ती बांधत असलेल्या प्रत्येक कॅसेटच्या लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात सुईच्या टोकानं एक ठिपका ठेवायची. शेटजींनी बघितलं, हसले, म्हणाले, "रहने दो, बरकत का काम है."

मग माल परत येऊ लागला. दुकानदार म्हणाले, चित्र फाटतंय, आडव्या रेघा येतायत. शेटजींनी एक कॅसेट माझ्यासमोर टाकली. मी बघताक्षणी ओळखलं. माझं झाळणं कच्चं होतं. घाईत मी झाळणी पुरती तापू देत नव्हतो. वरून टाका चकचकीत, आत पकड नाही. धंद्यात त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. शेटजी माझ्याकडं बघत होते, घरात तान्हं मूल होतं, आणि माझी नजर त्या ठिपक्यावर गेली. मी म्हणालो, "बिब्ब्याचं तेल आत उतरलंय."

त्यांनी विश्वास ठेवला. बिब्ब्यानं अंगाला फोड येतात हे त्यांनाही ठाऊक होतं. मग चिप कशी वाचेल? अक्काचं काम त्याच दिवशी सुटलं. तिला मी घरी सांगितलं, तेव्हा ती आपल्या बोटांकडं बघत म्हणाली, "माझ्या हातालाच यश न्हाय." पुढच्या आठवड्यात मी तिला गाडीत बसवून दिलं. परत आलेला माल मी गुपचूप पुन्हा झाळला, तो नीट चालू लागला आणि विकलाही गेला. गावात मात्र झालं असं की, प्रयागनं भावाच्या मालकाचं नुकसान केलं म्हणून तिला धाडून दिली.

यानंतर तीसएक वर्षं काही घडलं नाही. कारखाना बंद पडला, मी दुकान टाकलं, मुलं मोठी झाली.

मागच्या हिवाळ्यात एक बाई माझा पत्ता काढत दुकानात आल्या. डॉक्टर वैशाली, मूळ सोलापूरच्या, इथं दातांचा दवाखाना चालवतात. जुन्या कॅसेटी जमवायचा त्यांना नाद. पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक करडी कॅसेट काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. "काका, ही ओळखता?"

कोपऱ्यात ठिपका होता. मी पाणी प्यायलो.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला आधी हसू आलं आणि मग कुतूहल वाटू लागलं. एकच गेम, पण जमवणाऱ्यांच्या लेखी त्याच्या किती जाती! डबी करडी की पिवळी. स्क्रूनं बंद केलेली की खटक्यानं. आत सुटी चिप आहे की काळ्या डांबरासारखा गोळा. लेबलावरचा निळा गडद की फिका. मी म्हणालो, "अहो, ज्या रंगाची डबी स्वस्त मिळाली ती आम्ही आणली. त्यात काय बघायचं?" त्या म्हणाल्या, "तेच बघायचं. चांगली चाललेली वस्तू हजारोंनी निघते, तिच्यात काही कळत नाही. जी थोडे दिवस निघाली आणि बंद झाली, तिच्यात त्या दिवसांत काय झालं ते अडकून राहतं. कुणीतरी काहीतरी बदललं. का बदललं?"

ठिपक्याच्या कॅसेटी थोड्या निघाल्या म्हणून सगळ्यांत जास्त मागणी त्यांनाच. कुणी म्हणतं ती तपासनिसाची खूण, कुणी म्हणतं परदेशी पाठवायच्या मालाची. आता लोक पेनानं खोटे ठिपके काढतात. पण खऱ्या ठिपक्याभोवती तपकिरी कडं असतं, तेल कागदात पसरल्याचं. ते कुणाला जमत नाही. आम्ही नक्कल केलेल्या मालाची आता लोक नक्कल करत होते.

"आणि आणखी एक," असं म्हणून त्यांनी डबी उघडली आणि दातांसाठी वापरतात तो भिंगाचा चष्मा मला चढवायला दिला. "ठिपका लेबलातच थांबलाय, खालच्या प्लास्टिकलासुद्धा लागला नाही. पण आतला प्रत्येक टाका दोनदा घातलाय. पहिला खराब आणि त्याच्यावर दुसरा उत्तम. कच्चा भरलेला दात कुणीतरी पुन्हा भरावा तसा. मी उघडलेल्या प्रत्येक ठिपकेवालीत हेच. काका, का?"

माझेच हात होते ते. मी म्हणालो, "पंधरा दिवसांनी सांगतो. आधी एका माणसाला सांगायचंय."

ईटला गेलो. अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. आता ऐंशीला टेकली आहे. मी ती कॅसेट, डॉक्टरांनी विश्वासानं दिलेली, तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजी तेल आत गेलंच न्हवतं?"

"नव्हतं."

"आन् माल नीट करून इकला?"

"विकला."

ती शेंगा सोलत राहिली. माझी भावजय आतून चहा घेऊन आली, ठेवून गेली. मग अक्का म्हणाली, "भ्यालास, खोटं बोललास, त्ये म्या समजले. लेकरू ल्हान हुतं तुझं. पर माल नीट झाल्यावर मला माघारी का न्हाय बोलावलं, दिग्या?"

सोयीचं होतं, हेच उत्तर होतं. खोली लहान होती, आणि अक्का समोर नसली की मला झोप यायची.

"च्या पी," ती म्हणाली. "गार व्हतोय." आणि कॅसेट माझ्या हातात परत देत, "त्या डागतरीनबाईला सांग, तपासनीस-बिपासनीस कुनी न्हवता. माझं नाव सांग. पुरं सांग, प्रयागबाई म्हनून. अक्का म्हनशील तर कुनाची अक्का त्ये कळायचं न्हाय."

सांगितलं. डॉक्टरांनी ते जमवणाऱ्यांच्या जगात कळवलं. मागणी कमी झाली की वाढली, ते मी विचारलं नाही.

परतताना मी तिला हैदराबादला चल म्हणालो. "आता कशाला," ती म्हणाली, "आता हितंबी मला कुनी बिचारी म्हनत न्हाय. समदे भ्यात्यात." आणि हसली. पण मला बसमध्ये बसल्यावर वेगळंच सुचत होतं. इतकी वर्षं मला कुणी घर कुठं विचारलं की मी ईट म्हणायचो, आणि ते मनापासून होतं. दर दिवाळीला गेलो की दार उघडं, चूल पेटलेली, कुणीतरी वाट बघत असलेलं. माझं गाव मला टिकून राहिल्यासारखं वाटलं ते अक्का तिथं होती म्हणून. आणि अक्का तिथं होती, कारण मी तिला तिथं धाडलं होतं.