काळ्या भुजंगाची पाठ

केदारखेड्यात कोण कशासाठी नावाजला जाईल याचा भरवसा नाही. एकजण सासऱ्याला कोर्टात खेचलं म्हणून नावाजलेला आहे, दुसरा पंगतीला बसला की आचाऱ्याला घाम फुटतो म्हणून. भागवत नावाजला होता पाठीमुळं. दाराच्या फळीसारखी रुंद पाठ, आणि त्या पाठीला आखाड्यात कधी माती लागलेली नाही. भोकरदन घ्या, जाफराबाद घ्या, सिल्लोड घ्या, भागवत एक तर जिंकायचा, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडायला लावायचा. चीत कधी झाला नाही. पुढं एका लग्नाला जाताना वऱ्हाडाच्या ट्रकमधून ऐटीत उडी मारली आणि गुडघा गेला. मोठमोठ्या पैलवानांना जमलं नाही ते एका उडीनं केलं. पण तेव्हासुद्धा पठ्ठ्या उभाच राहिला. पाठ कोरडी ती कोरडीच.

गावात एक जुनी रीत आहे. जत्रेच्या आखाड्यात जोड लावायची आणि निकाल द्यायचा तो पंच असा पाहिजे, की ज्याची पाठ कधी मातीला टेकली नाही. बद्रीनाथ उस्ताद थकले तशी त्यांनी ही जागा आपल्या लाडक्या चेल्याला, भागवतला दिली. वर्षभर जालन्याच्या एमआयडीसीत बियाणाच्या गोण्या वाहणारा हा माणूस त्या एका दुपारी फेटा बांधून आखाड्यात फिरायचा, आणि ज्यांच्या घरी त्याच्या बापानं सालगडी म्हणून वर्षं काढली त्यांचे नातू वाकून त्याच्या पाया पडायचे. त्याची बायको दैवशाला नवी साडी नेसून बायकांत पुढं बसायची आणि आपलं नवऱ्याकडं लक्षच नाही असं दाखवायची. बाकीच्या बायका तिच्याकडं बघायच्या. तिला तेच पाहिजे असायचं.

पण एका दुपारच्या जोरावर माणूस वर्ष कसं काढणार? हलगी वाजली की ज्याचं रक्त उसळतं त्याला कंपनीच्या भोंग्यावर उठायचं आणि बसायचं. गोणी पाठीवर घ्यायची, थप्पीला लावायची. गोणी कुठं वाहवा करते?

अशात त्याला बबलू भेटला. बबलू जालन्याचा. आधी ऑर्केस्ट्रा काढला, तो बुडाला. मग टीव्हीवर बघून फ्री स्टाईल कुस्तीचा खेळ काढला. चार खांब, दोऱ्यांचं कुंपण, मध्ये गादी, कान फाटतील असे स्पीकर, आणि कुणी कुणाला कधी आपटायचं ते दुपारी चहावरच ठरलेलं. हिरो त्याच्याकडं होता. जालन्यातल्याच मस्तगडच्या एका मारवाडी घरातला हर्ष, जिममध्ये कमावलेलं अंग आणि केसाला जेल. हिरोच्या हातून आपटायला एक जड माणूस मात्र मिळत नव्हता.

"भागवतभाऊ, तुमाला काय करायचंय?" कंपनीच्या गेटासमोर चहा पाजत बबलू म्हणाला. "यायचं, गुरगुरायचं, पडायचं."

"पडायचं?" भागवतनं बशी खाली ठेवली. "माझी पाठ ठाव हाय का तुला?"

"ठाव हाय म्हणून तर आलो. पाठीला माती कुठं लागून राह्यली? खाली गादी हाय. आन् तोंड आपण झाकू. नकाब घालायचा. टीव्हीत बघा, नकाबात कोण हाय ते त्याच्या बापालाबी कळत न्हाई."

गादी म्हणजे माती नव्हे. हे वाक्य भागवतला फार आवडलं. त्यानं ते मनाशी घोळवलं, उलटंसुलटं करून बघितलं, कुठं भोक सापडेना. झालं, पैलवान राजी.

नकाब शिवला तो हर्षच्या आजीनं. सायरबाई मस्तगडात साड्यांना फॉल लावायच्या. नातवाचं हे सोंग घरात कुणाला पसंत नव्हतं, एक त्यांनाच कौतुक. काळं साटीन, आत अस्तर, मागं नाडी. मोडलेले कान झाकायला बाजूला जाड पट्टी, कारण तसला कान बघून पोरगंसुद्धा सांगेल की हा मातीतला पैलवान आहे.

"काकी, डोळ्याची भोकं मोठी करा. काई दिसून न्हाई राह्यलं."

"अरे बेटा, मी सारी उमर सासऱ्यासमोर घुंघटमध्ये काढली. कापडातून सगळं दिसतं. जल्दी न्हाई करायची, हळू बघायचं."

"पर लोकांना मी कळणार तर न्हाई ना?"

सायरबाईंनी दातानं दोरा तोडला. "तोंड बराबर झाकलं मी. पण घुंघटवाल्या चार बहू बाजारातून चालल्या ना, तरी सासूला चालीवरून कळतं कोणती आपली. ते झाकायला माझ्याकडं कापड न्हाई."

भागवत हसला. हसायला नको होतं.

पहिल्याच खेळाला भोंग्यातून आवाज आला, 'काळा भुजंग!' भागवत दोऱ्या उचलून आत शिरला तसं सगळं मैदान शिव्या द्यायला लागलं. बायका पदर तोंडावर घेऊन किंचाळल्या, पोरं बापाच्या मागं दडली. सुपरवायझरनं डोळे वटारले तर मान खाली घालणारा हा माणूस, नकाबाच्या आत त्याची छाती फुलली. शिव्या तर शिव्या, पण एवढ्या लोकांच्या तोंडातून एकदम! तो लोकांच्या अंगावर धावून गेला, खुर्ची फेकली, हर्षच्या डोळ्यात पावडर टाकली आणि शेवटी ठरल्याप्रमाणं उताणा पडला. काय पडला! पडावं कसं हे ज्याला आयुष्यभर टाळायचं होतं त्याच्याइतकं ते कुणाला कळणार?

घरी सांगितलं, ओव्हरटाईम. गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला, जालन्यात बाई ठेवली असणार. एकदा दैवशालानं पिशवीच्या तळातून काळं साटीन ओढून काढलं.

"ही कुणाची चोळी?"

"चोळी न्हाई ती. मशीनचं झाकण हाय."

"मशीनीला डोळे असत्यात व्हय?"

तिनं ते कापड होतं तसं घडी करून परत ठेवलं आणि दोन दिवस त्याला वाढलं, पण बोलली नाही.

असं वरीस-दीड वरीस बरं गेलं. मग जत्रेच्या कमिटीत तातेराव शिरले. तातेराव म्हणजे तरुणपणी भागवतनं ज्याला भर जत्रेत धोबीपछाड मारली तो इसम. मिशा अजून ताठ, पण तो दिवस आठवला की जरा खाली येतात. त्यांनी कमिटीला पटवलं, मातीच्या कुस्त्यांना आता पब्लिक येत नाही, यंदा दिवस कलल्यावर बबलूचा खेळ ठेवू. आणि आठ दिवस आधी गावातून रिक्षा ओरडत फिरली, "केदारखेडा जत्रेत काळ्या भुजंगाचा नकाब फाटणार! कोण आहे हा भुजंग?"

भागवत तसाच गाडी मारत जालन्याला गेला.

"बबलू, ह्ये काय लावलंस?"

"भाऊ, नकाब घालत्यात तो एक दिवस फाडायलाच. लोकं कशापायी येऊन राह्यले इतके दिवस? तुमचं पडणं बघायला? आत कोण हाय ते बघायला! आन् तुमच्याच गावात तुम्हीच निघाले, तर राडा हुईल राडा!"

"आरं, त्या आखाड्याचा पंच हाय मी."

"मंग तर लईच भारी."

भागवतनं त्याचे गुडघे धरले. एवढा दांडगा माणूस पायाशी वाकलेला बघून बबलू गडबडला. "उठा, उठा हो. बरं, न्हाई काढत. हर्ष नुसता ओढल्यावाणी करंल."

"आन् ओढता ओढता निघाला तर? मी येतच न्हाई. दुसरा घाल."

"तुमच्याएवढा दुसरा कुठून आणू?" बबलूचा सूर बदलला. "न्हाई आले तर आपल्याला भोंग्यावरून नाव सांगावं लागंल, भाऊ. पब्लिकला काहीतरी द्यावंच लागतं."

तिथून भागवत सायरबाईंकडं गेला. "काकी, असा शिवा की मेलो तरी निघाया न्हाई पायजे." त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. गळ्याभोवती दुहेरी पट्टा घातला, त्यावरून तीनदा शिलाई मारली. "कापड फाटेल, पण ही शिलाई न्हाई सुटणार."

उस्तादांना त्यानं निरोप धाडला, यंदा कंपनीतून सुट्टी नाही. उस्ताद हळहळले, आणि काठी टेकत स्वतःच पंचाच्या जागी जाऊन बसले.

जत्रेच्या दिवशी भागवत शाळेच्या खोलीत नकाब घालून दडून होता. आपल्याच गावात, आपल्या लेकरांच्या वर्गात, बाकाखाली पाय घेऊन. बाहेर मातीच्या कुस्त्या चालल्या होत्या. हलगी ऐकू येत होती, आणि उस्तादांनी दिलेले दोन निकाल त्याला मनातून पटले नाहीत. इतक्यात बबलू आला.

"गादीचा टेम्पो राजूरच्या अलीकडं बंद पडला. चला, मातीतच उरकू."

भागवत बाकावरून उठला. "मातीत न्हाई."

"का? तुमची तर जन्माची माती."

"बबलू, मातीत मी पडत न्हाई."

"तर मंग नाव सांगतो," असं म्हणून बबलू गेलासुद्धा. भोंगा वाजायला लागला. भागवत खोलीत दोनदा गरगर फिरला. मागच्या खिडकीला गज होते. त्यानं ते हलवून बघितले.

शेवटी तो बाहेर पडला. लोकांनी आरोळी ठोकली, तातेरावांनी शिट्टी मारली. फ्री स्टाईलवाला आखाड्यात उडी मारून शिरतो, लोकांना ठोसे दाखवतो. भुजंगानं काय करावं? तो कडेला थबकला, वाकला, चिमूटभर माती घेतली आणि आधी डाव्या कानाला लावली, मग कपाळाला.

सगळा आखाडा गप झाला.

कारण ही सलामी त्या पंचक्रोशीत एकाच माणसाची होती. लहानपणी भागवत सलामी न देता मातीत उतरला म्हणून उस्तादांनी त्याचा डावा कान असा पिळला होता, की तेव्हापासून पहिली माती कानाला. काळ्या साटीनवर कानाजवळ तांबूस ठिपका उमटला. उस्तादांनी काठी घट्ट धरली. बायकांत दैवशालाचा हात तोंडावर गेला. भागवतला मात्र वाटलं, लोक घाबरलेत.

हर्षला यातलं काही कळलं नाही. तो आला, ठरल्याप्रमाणं उचलायला गेला. भुजंग उचलला जाईना.

"अंकल, पडा ना!" हर्ष कानाशी कुजबुजला.

"न्हाई जमत, बेटा."

"अरे पण ठरलंय आपलं!"

कडेवरून बबलू ओरडला, "पाड त्याला! काढ नकाब!" पोरगं चिडलं. त्यानं गुडघ्यावरच लाथ घातली. भागवत कळवळून खाली आला, पण पालथा, पोटावर. हर्ष पाठीवर बसला, एका हातानं खांदा उलथवायला लागला, दुसऱ्यानं नकाब ओढायला लागला. भागवतला हात दोनच. एकानं नकाब धरावा तर अंग उलटायला लागे. दोन्ही हातांनी जमीन धरावी तर गळ्याचा पट्टा श्वास कोंडू लागे. क्षणभर तो दोन्हीकडं पुरायला बघत राहिला. मग नकाबावरचा हात सुटला, आणि दहाही बोटं मातीत रुतली.

शिलाई सुटली नाही. कापड मधोमध टरकलं.

"भागवतमामा!" पोरं ओरडली.

उस्ताद काठी टेकत आत आले. हर्षला बाजूला सारून त्यांनी वाकून चेल्याच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. नुसता घाम.

"माती न्हाई. कुस्ती बराबरीत सुटली."

एवढ्यावर भागलं असतं. गाव चार महिने हसलं असतं, चहाच्या टपरीवर भागवतला गुरगुरून दाखवायला लावलं असतं, आणि पुढच्या साली फेटा त्याच्याच डोक्याला बांधला असता. पण तातेरावांच्या मिशा इतक्या वर्षांनी वर गेल्या होत्या.

"इथली पाठ कोरडी, उस्ताद! जालन्यात, अंबडला, परतूरला ह्यो भुजंग उताणा पडलेला म्या डोळ्यानं बघितला. तिकीट काढून बघितला! त्याचं काय?"

उस्तादांनी खाली बघितलं. "पडल्तास का रे, भागवत?"

गादी म्हणजे माती नव्हे. वाक्य जिभेवर तयार होतं. उस्तादांचे डोळे तेच मागत होते, काहीतरी बोल, मी धकवून नेतो. भागवतनं तोंड उघडलं. समोर उस्तादांचे अनवाणी पाय होते, त्यांच्यामागं पोरांची रांग, सगळी त्याच्या उघड्या तोंडाकडं बघणारी. नकाबातून हे वाक्य किती सहज निघालं असतं.

त्यानं मातीतली बोटं सैल सोडली, आणि हळूच कूस बदलून तो उताणा झाला. दोन्ही खांदे टेकले.

हर्षला वाटलं आपण जिंकलो. त्यानं छातीवर पाय ठेवून हात वर केले, आणि बबलूनं गाणं लावलं. उस्तादांनी काठी उगारली तेव्हा ते बंद झालं. मातीचा कायदा कुणासाठी बदलत नाही, आणि पंचाला निकाल द्यावाच लागतो.

"चीत," उस्ताद म्हणाले. इतकं हळू, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणले?

बऱ्याच वेळानं भागवत उठला. गुडघा धरत तो आखाड्याबाहेर आला. लोकांनी वाट दिली, तातेरावसुद्धा बाजूला झाले. दैवशाला बायकांतून उठून आली. तो लंगडत घराकडं निघाला, आणि ती मागून चालत राहिली. पाठीला अगदी चिकटून, पदर पसरून, म्हणजे मागच्यांना पाठीची माती दिसू नये.