देव्हाऱ्यापुढचा कोरडा कोपरा

आवडाबाईनं सारवलेली भुई बघायला वैजापूरच्या आयाबाया उंबऱ्यात थांबायच्या. बोटांच्या रेघा अशा उमटायच्या, जणू तळ्यावरून वारा सरकत गेलाय. पोलीस ॲक्शनच्या साली ती लग्न होऊन आली. पुढं वीस वर्षं हात शेणामातीत राबले. नवरा गेल्यावर मुलानं, बन्सीनं, तिला हर्सूलच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. तो सकाळी शहागंजात कापडाच्या दुकानावर जाई, दिवेलागणीला परते. दिवसभर बोलायला भिंती. म्हणून तिनं तळ्याकाठचं कुत्र्याचं काळं पिल्लू पदरात घालून आणलं. नाव ठेवलं बुक्का.

बुक्का रोज एकाच जागी मुते. देव्हाऱ्यापुढं.

"माय, देवाम्होरं घाण! आईतवारी याला पोत्यात घालतो अन् गावाकडं सोडून येतो," बन्सी म्हणाला.

"लेकरू हाय ते. तुला कुठल्या पोत्यात घातलं व्हतं?"

"मी देवाम्होरं नव्हतो बसत."

"व्हय, तू तर थेट आज्याच्या मांडीवर!"

बन्सी हसला, पण पोतं त्यानं खुंटीला टांगून ठेवलं.

जागा बाटली की आवडाबाई ती ताज्या शेणानं सारवी, वर शेजारच्या गायीचं गोमूत्र शिंपडी. दटावून झालं, दारात बांधून झालं. शुक्रवारी सारवून ती हात धुवायला उठली, तोच बुक्का आला. ओल्या सारवणाला नाक लावलं, गोल फिरला आणि बसला.

आवडाबाई बघतच राहिली. गोठ्यातलं वासरू वासावरून आपला खुंटा ओळखतं, हे तिला ठाऊक होतं. बुक्क्याचा खुंटा रोज तीच ठोकत होती.

तिनं कोपऱ्यातलं सारवण खरवडून काढलं आणि नुसती कोरडी पांढरी माती चोपली. देवाची जागा अशी उघडी ठेवताना हात अडखळले. "देवा, चार दिस कोरडा बस," ती म्हणाली. उरलेलं शेण तिनं मागच्या बोरीखाली सुपाएवढं सारवलं, वर गोमूत्र शिंपडलं. बुक्का उठला की ती त्याला तिथं नेई, खाल्लं की तिथं.

आईतवारी बन्सीनं पोतं काढलं. बुक्का उठला, आळस दिला, त्याच्या पायांतून वाट काढत बाहेर गेला आणि बोरीखाली बसला.

बन्सीनं आत वाकून बघितलं. "माय, देवाम्होरचा कोपरा सारवायचा राह्यला का?"

"राहू दे. ते पोतं चुलीपाशी टाक. निजायला व्हईल त्याला."